मकदूमच्या बोटीवरची मायाक्का

सोलापुरात माझं गळ, दोरी, रीळ विकायचं छोटं दुकान आहे. गिऱ्हाईक म्हणजे रविवारी उजनीच्या बॅकवॉटरला मासे धरायला जाणारे शौकीन. कुणी बँकेत, कुणी शाळेत, एक-दोघं पोलिसातले. त्यांना नुसता गळ देऊन भागत नाही. बोट कुणाची घ्यायची, कुठल्या महिन्यात काय लागतं, तेही सांगावं लागतं. गेली काही वर्षं मी सगळ्यांना एकच सांगतो. जेऊरला उतरा, मकदूमची बोट ठरवा, आणि बोटीवर मायाक्का असेल तरच पाण्यात जा.

"ही मायाक्का कोण, हारूनभाई?" असं नवा माणूस विचारतोच. तिथं मी अर्धं-मुर्धं सांगून सोडून देतो, कारण दुकानात गर्दी असते. आज सगळं सांगतो.

मायाक्का धनगराची. गाव मंगळवेढ्याच्या पलीकडं, माळावरचं. वय अठ्ठावन्न म्हणते, कधी साठ म्हणते. उंच, हाडानं दणकट, कपाळावर हिरवं गोंदण आणि पायात टायरच्या चपला. नवरा सिद्धाप्पा, बिऱ्हाड लादायला एक घोडं आणि शे-सव्वाशे मेंढरं, एवढा तिचा संसार. संक्रांत झाली की त्यांच्याकडचं गवत संपतं. मग मेंढरं हाकत, मजल-दरमजल करत हे दोघं भीमेच्या काठाला येतात. उजनीचं पाणी जसजसं उतरतं तसतशी खालची जमीन उघडी पडते, तिच्यावर कोवळा चारा येतो. त्या चाऱ्यामागं मेंढरं आणि मेंढरांमागं मायाक्का. लग्न झालं त्या सालापासून तिनं हे चुकवलेलं नाही. म्हणजे धरण भरल्यावर जी जमीन आठ-आठ महिने पाण्याखाली असते, ती या बाईनं चाळीस उन्हाळे पायानं तुडवली आहे.

मकदूम मात्र पाण्यावरचा माणूस. वडील जाळी टाकायचे, यानं फायबरची बोट घेतली, तिला इंजिन बसवलं, आणि गळवाल्या शौकिनांना दिवसाच्या भाड्यानं फिरवायला लागला. पन्नाशीचा, बोलायला गोड, तापायला लवकर. पाण्याचा वरचा भाग त्याला पाठ होता. खाली काय आहे ते त्याला अंदाजानंच ठाऊक.

चार वर्षांपूर्वी मार्चमध्ये त्याचा नांगर पाण्यात कशात तरी अडकला. बोटीत पुण्याचे दोन पाहुणे बसलेले. मकदूमनं ओढ ओढ ओढलं, नांगर काही सुटेना. काठावर मेंढरं चारत उभी असलेली एक बाई ओरडली, "भाऊ, बाभूळ हाय ती! तिकडनं न्हाय निगायचा. उत्तरंच्या अंगाला जावा आन् मंग वढा!"

मकदूमला राग आला, पण दुसरा उपाय नव्हता. तो उत्तरेला गेला, ओढलं, नांगर सुटला. संध्याकाळी तो मुद्दाम तिच्या वाड्यावर, म्हणजे मेंढरं बसवली होती त्या तळावर गेला.

"आक्का, तुमाला कसं कळलं बाभूळ हाय म्हणून?"

"कसं म्हंजी? मागल्या वैशाखात त्याच बाभळीखाली जेवले की मी."

मकदूमनं हे मला सांगितलं तेव्हा तो हसत होता. पण त्याच्या डोक्यात ते पक्कं बसलं होतं. मासा कुठं बसतो? जिथं आडोसा आहे तिथं. बुडालेली विहीर, शेताचा दगडी बांध, बाभळीचे खुंट, रस्त्याखालची जुनी मोरी. ही सगळी ठिकाणं त्या बाईच्या डोक्यात होती. त्यानं चार दिवस मिनतवाऱ्या केल्या. सिद्धाप्पा म्हणाला, "जा की. मेंढरं मी बघतो. पण पडू नगं, तुला पवता येत न्हाय."

पहिल्या दिवशी मी होतो बोटीत. मायाक्का दोन्ही हातांनी काठ घट्ट धरून, डोळे मिटून बसली होती. मधोमध गेल्यावर मकदूमनं विचारलं, "आता सांगा आक्का, हीर कुटं?" तिनं डोळे उघडले आणि गोंधळली. जमिनीवरून जे दिसतं ते पाण्यावरून उलटंच दिसत होतं. मग म्हणाली, "मला हुबं ऱ्हाऊ द्या."

हलत्या बोटीत ती उभी राहिली. मी तिच्या कोपराला धरलं. तिनं आधी लांबचा विजेचा मनोरा बघितला, मग पाणी उपसायचं मोटारघर, मग पलीकडच्या काठावरची चिंच. ओठांतल्या ओठांत काहीतरी मोजलं.

"फुडं. आजून फुडं. साठ पावलं... आता थांबा. हितं हाय म्हातारीची हीर."

म्हातारी म्हणजे तिची सासू, बाळाबाई. त्या विहिरीवर बसून ती पान खायची म्हणून ते नाव. मकदूमनं बांबू खाली सोडला तर दगडी कठडा टणकन लागला. त्या दिवशी त्या जागेवर आम्हाला तीन कटले लागले, सगळ्यात लहान सहा किलोचा.

मी म्हणालो, "मायाक्का, तुम्हाला माशातलं लई कळतं."

"मासा मला म्हाईत न्हाय," ती म्हणाली. "वासच सोसत न्हाय मला त्याचा. जिमीन म्हाईत हाय."

त्यानंतर फेब्रुवारीपासून मे अखेरपर्यंत आठवड्यातले तीन-चार दिवस ती बोटीवर असायची. बाकीचे बोटवाले आधी चेष्टा करायचे. "मकदूमनं मेंढरं पाण्यात घातली," म्हणायचे. पुढं तेच लांबून मकदूमची बोट कुठं थांबते ते बघायला लागले. मायाक्काला ते कळायचं. ती मुद्दाम एखाद्या मोकळ्या, सपाट जागेवर बोट थांबवायला लावायची, अर्धा तास बसायची, आणि त्या बोटी तिथं आल्या की म्हणायची, "चला, बसू द्या त्यांना वाळूवर."

आता गेल्या वर्षीच्या एप्रिलची गोष्ट. जूनपासून मासेमारी बंद होते, त्यामुळं एप्रिल-मे म्हणजे आमच्या हंगामाचा शेवट. पाणी उतरत आलेलं असतं, मोठा मासा उरलेल्या खोल खड्ड्यांत गोळा होतो. वर्षातला सगळ्यात मोठा कटला मिळायचा तर तेव्हाच.

माझ्या दुकानाचे जुने गिऱ्हाईक शिवयोगी सर. तंत्रनिकेतनात यंत्रशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, मूळचे अक्कलकोटकडचे. शिस्तीचे आणि थोडे हेकट. वीस किलोचा कटला धरायचा हे त्यांचं अकरा वर्षांचं स्वप्न. शेंगदाण्याची पेंड, मैदा आणि बडीशेप यांचा गोळा ते स्वतः मळायचे, त्याला घरात कुणी हात लावायचा नाही. आतापर्यंत चौदा किलोच्या वर त्यांची मजल गेली नव्हती. त्या दिवशी त्यांच्यासोबत मीही गेलो. बोटीत आम्ही चौघं : सर, मी, मकदूम आणि मायाक्का.

मायाक्कानं बोट अगदी मध्यावर नेली. दोन्ही काठ किलोमीटरभर लांब. "ह्या डाव्या अंगाला जुना गाडीरस्ता हाय," ती म्हणाली. "भराव घालून उचललेला. त्येच्या मोरीपाशी पाण्यानं खड्डा पाडलाय, दोन पुरुस खोल. मोटा मासा आसंल तर तितंच."

सरांनी तिच्याकडं बघितलं नाही. "बघू," एवढंच म्हणाले. एका मेंढीवाल्या बाईचं ऐकून गळ टाकायचा, हे त्यांना जड जात होतं. सकाळपासून ते तिला नुसतं 'बाई' म्हणत होते.

दुपारपर्यंत काही नाही. हवा कोंदट, पाणी तेलासारखं स्थिर. तीनच्या सुमारास सरांची काठी अशी वाकली की टोक पाण्यात गेलं. रीळ किरकिरायला लागलं.

"अय्यो!" सर उभे राहिले. "हारून, हा वीसच्या पुढचा आहे!"

खरंच होता. पंधरा मिनिटांनी तो एकदा वर आला तेव्हा त्याची पाठ दिसली, काळी, रुंद, परातीएवढी. पुन्हा खाली गेला. सरांचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता.

मायाक्का मात्र माशाकडं बघत नव्हती. ती काठाकडं बघत होती, जिथं सिद्धाप्पा मेंढरं चारत होता.

"मकदूमभाऊ," ती म्हणाली, "मेंढरं बगा."

मला तर नुसता पांढरा ठिपका दिसला. "काय झालं मेंढरांना?"

"गोळा झाल्यात. तोंडं एकमेकांच्या पोटाखाली घातल्यात. वादळ येतंय. गळ वर घ्या, निगायचं."

मकदूमनं पश्चिमेला बघितलं. आभाळाच्या कडेला तांबूस पट्टा होता. त्याचा चेहरा पडला. "सर, सोडा आता."

"दहा मिनिटं," सर म्हणाले. "दमला आहे तो. फक्त दहा मिनिटं."

"सर, दहा मिनटं न्हाईत आपल्याकडं," मायाक्का म्हणाली.

"बाई, तुम्ही मध्ये बोलू नका!"

पेंड कापायचा चाकू फळीवर पडला होता. तो मायाक्कानं उचलला, पुढं वाकली आणि गळाची दोरी कापली. काठी एकदम सरळ झाली. सर मागं बसकण मारून पडले. अकरा वर्षांत मी त्यांना शिवी देताना ऐकलं नव्हतं, ती त्या दिवशी ऐकली, आणि तीही कानडीत.

त्यांना पुढं बोलायला वेळ मिळाला नाही. मकदूम नांगर वर घेतोय तोवर धुळीची भिंत पाण्यावर आली. काठ गेला, मनोरा गेला, चिंच गेली. पाणी काळं झालं आणि लाटा उसळायला लागल्या. इंजिन सुरू झालं, बोट शंभरेक फूट गेली, आणि मागून आलेली लाट सरळ इंजिनावर बसली. इंजिन दोनदा खोकून बंद पडलं.

बोटीत तरंगायची जाकिटं होती, पण ती बसायला गादी म्हणून बांधून ठेवलेली. गाठी सोडवेपर्यंत घोटाभर पाणी आत आलं, मग ती घालायची राहूनच गेली. मकदूम "या अल्ला, या अल्ला" म्हणत इंजिनाची दोरी ओढत होता. मी डब्यानं पाणी उपसत होतो. मला पोहता येतं, पण त्या लाटांत पोहणं म्हणजे काय ते मला माहीत होतं.

तेवढ्यात मायाक्काचा आवाज आला. मेंढरं हाकताना काढते तसा, खणखणीत. "इंजान सोडा! वल्हं घ्या! वारं पाटीवर घ्या आन् डाव्या हाताला मारा!"

"काठ दिसंना आक्का!" मकदूम ओरडला.

"काठ नगंच आपल्याला. रस्ता पायजे."

ती बोटीच्या पुढच्या टोकाला गुडघ्यांवर बसली आणि लांब बांबू पाण्यात खुपसला. मकदूम आणि मी वल्ही मारत होतो. ती बांबू खाली टेकवायची, हातानं चाचपायची, उचलायची, पुन्हा टेकवायची. दर वेळी मोठ्यानं सांगायची.

"गाळ... गाळच हाय... मारा... गाळ... हां, मुरूम लागला. भराव सुरू झाला. आजून डावीकडं... मुरूम... मुरूम..."

बांबू पाण्यात कमी-कमी जायला लागला. मग खट्ट असा आवाज झाला.

"दगड! थांबा! रस्ता आला!"

थांबणार कसं? वारा बोट पुढं रेटत होता. दोन क्षणांत आम्ही पलीकडच्या खोल पाण्यात गेलो असतो. मायाक्कानं नांगराची दोरी हाताला गुंडाळली, लुगड्याचा ओचा खोचला, आणि पोहता न येणारी ती बाई बोटीवरून खाली उतरली. तळ्याच्या मधोमध, काठापासून किलोमीटरभर आत.

कमरेएवढं पाणी. ती पाय रोवून उभी होती आणि दोरी तिच्या पाठीवरून ताणली गेली होती.

"बगता काय? उतरा!"

मकदूम उतरला, मी उतरलो. पायाखाली खरंच फरशीसारखे दगड होते. सर उतरायला तयार होईनात. ते फळी धरून बसले होते, ओठ पांढरे पडलेले.

"सर, या हितं," मायाक्का म्हणाली. आता तिचा आवाज मऊ होता. "मी हुबी हाय न्हवं? माज्या खांद्याला धरा. चाळीस सालं ह्या वाटनं मेंढरं नेल्यात. एक कोकरू घसरलं न्हाय."

सर उतरले. आम्ही चौघांनी बोटीचं तोंड वाऱ्याकडं करून ती धरून ठेवली. लाटा छातीपर्यंत यायच्या. वरून गारा पडल्या, त्या डोक्यावर तडातड बसत होत्या. मायाक्कानं आपला पदर सरांच्या टकलावर टाकला. पंचवीस मिनिटं आम्ही तसे उभे होतो. एकदा सरांनी विचारलं, "रस्ता किती रुंद आहे?" ती म्हणाली, "दोन बैलगाड्या जात्यात शेजारनं. निवांत ऱ्हावा."

वारा पडला. धूळ बसली. पलीकडच्या काठावर माणसं जमली होती. त्यांनी नंतर सांगितलं, की आभाळ निवळल्यावर आम्ही दिसलो तेव्हा कुणाचा डोळ्यांवर विश्वास बसेना. चार माणसं भर तळ्यात चालत होती, बोट म्हशीसारखी ओढत नेत होती. रस्ता जिथवर होता तिथवर आम्ही चालतच आलो, आणि पुढचं थोडं पाणी वल्ह्यांनी कापलं.

काठावर सिद्धाप्पा उभा होता. त्यानं बायकोकडं बघितलं, घोंगडं तिच्या अंगावर टाकलं आणि म्हणाला, "पडली न्हाईस न्हवं?"

"न्हाय. उतरले," ती म्हणाली.

त्या दिवशी आणखी दोन बोटी पाण्यात होत्या. एक खडकावर आदळून फुटली, एक उलटली, पण काठाजवळ असल्यानं माणसं वाचली. आम्ही वाचलो त्यात नशिबाचाही भाग होता, हे मी लपवणार नाही. रस्ता वाऱ्याच्या खालच्या अंगाला होता, वारा आम्हाला तिकडंच ढकलत होता. वरच्या अंगाला असता तर वल्ह्यांनी जमलं नसतं. मी हे मायाक्काला म्हणालो तेव्हा ती म्हणाली, "तसं आसतं तर कुंभाराच्या वट्यावर नेलं आसतं. तितं गुडघाभरच पाणी हाय." म्हणजे तिच्या डोक्यात दुसरी जागाही तयार होती.

आठ दिवस शिवयोगी सरांचा फोन नाही. मला वाटलं, दोरी कापल्याचा राग गेला नाही. नवव्या दिवशी ते दुकानात आले आणि एक मोठं खोकं काउंटरवर ठेवलं. आत सहा नवी जाकिटं होती.

"मकदूमला सांगा, यांच्यावर कुणी बसायचं नाही," ते म्हणाले. मग खोक्याचं झाकण लावता लावता, "मायाक्कांना कुठला मासा आवडतो?"

"त्या मासा खात नाहीत, सर."

"मग काय देऊ त्यांना?"

शेवटी त्यांनी सोलापुरी चादर घेतली, चांगली जाड. ती द्यायला ते स्वतः गेले. मी सोबत होतो. वाड्यावर मायाक्का एका मेंढीच्या खुरातला काटा काढत होती. सर तिच्यासमोर उभे राहिले, चादर पुढं केली, आणि म्हणाले, "मायाक्का, मी तुम्हाला वाईट बोललो."

"कानडीत बोलला," ती हसत म्हणाली. "आमच्या गावात समद्यांना कानडी येतीया, सर."

सरांचे कान लाल झाले. मग ते दोघं कानडीत बोलत बसले, अर्धा तास. मला फक्त 'मीनु' एवढा शब्द कळला. म्हणजे मासा.

मे महिन्यात धक्क्यावरच्या सगळ्या बोटवाल्यांनी बैठक घेतली. जे चेष्टा करायचे तेही होते. त्यांचं म्हणणं एकच, की मायाक्कानं उथळ जागा दाखवून द्याव्यात, म्हणजे वादळात आसरा कुठं ते सगळ्यांना कळेल. तिनं एक अट घातली. "जाकीट घातल्याबिगर मानूस बोटीत घ्याचा न्हाय. आदी ही आन घ्या. मंग दावते." सगळ्यांनी पाण्याला हात लावून आण घेतली.

पाच दिवस ती उन्हातान्हात बोटीवर उभी होती. तिनं जागा दाखवायची आणि मकदूमनं बांबू रोवायचा. एकोणीस बांबू रोवले. उथळ जागेवर पिवळं फडकं, खोल विहिरीवर लाल. जिथं रस्ता होता तिथं सरळ रेषेत सहा पिवळी फडकी. सरांनी काठावर बसून सगळ्याचा नकाशा काढला आणि प्रत्येक जागेचं नाव तिला विचारून लिहिलं : म्हातारीची हीर, कोकराचा खड्डा, कुंभाराचा वटा. तहसीलचे एक साहेब बघायला आले होते. त्यांनी विचारलं, "ही नावं कुठल्या कागदावर आहेत?" मायाक्का म्हणाली, "आता ह्या."

जूनच्या पहिल्या आठवड्यात मेंढरं माघारी निघायची असतात. मी त्या दिवशी मुद्दाम गेलो. दर साली हे लोक कधी आले, कधी गेले, कुणाच्या लक्षातही यायचं नाही. पण त्या सकाळी धक्क्यावरचे झाडून सगळे बोटवाले वाटेवर येऊन उभे होते. मकदूमच्या बायकोनं, लालबीनं, भाकरी आणि शेंगाचटणीचं गाठोडं आणलं होतं. कुणी काही भाषण केलं नाही. सिद्धाप्पानं घोड्यावर बिऱ्हाड लादलं, वरती सरांची चादर घडी करून टाकली.

मायाक्का मेंढरांच्या पुढं चालायला लागली. थोडं गेल्यावर मकदूमनं मागून हाक मारली, "आक्का, पुढल्या साली कधी?"

"पानी उतरलं की," ती म्हणाली. मान ताठ ठेवून, मागं न बघता, ती जेऊरच्या रस्त्याला लागली.